तुझ्या नाटकात मी उठायचो

अंबादास,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले, की दोनदा मी खुर्चीतून अर्धा उठलो. एका प्राध्यापकांनी तुला मराठवाड्याच्या प्रायोगिक रंगभूमीचा दीपस्तंभ म्हटलं. नांदेडात दीपस्तंभ! समुद्र कुठून आणायचा? दुसऱ्या एकानं सांगितलं, की तू सगळ्यांना सांभाळून घेणारा, मनमिळाऊ कलावंत होतास. तू? उद्घाटकांचं भाषण चालू असताना बाजेवर आडवा होऊन घोरणारा तू?

"बंद करा हे" असं अगदी जिभेवर आलं होतं. पंचवीस वर्षं मी तेच करत आलो. पण समोर तू नव्हतास, हार घातलेला फोटो होता, आणि फोटोशी काय भांडणार? म्हणून गप्प बसलो. आता लातूरला घरी येऊन हे लिहितोय. त्या मांडवात मी तुझा कोण, हे वहिनी सोडल्या तर कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला विचारलंसुद्धा, "तुम्ही नात्यातले का ऑफिसातले?" मी म्हणालो, एसटीतला. त्यांनी मान डोलावली आणि चहा घ्यायला गेले.

आपली पहिली गाठ भांडणानंच पडली. मी तेव्हा नांदेडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून नवा लागलो होतो. काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. तू डोक्यावर बाज घेऊन आलास. सुंभानं विणलेली, एक पाय बाकीच्या तिघांहून आखूड. तुला ती हिमायतनगरच्या गाडीच्या टपावर चढवायची होती आणि कंडक्टर चढवू देईना. गर्दी जमली. मी वैतागून माइकवर म्हणालो, "बाज घेऊन आलेल्या प्रवाशाने फलाट मोकळा करावा. हे बसस्थानक आहे, झोपायची जागा नाही."

तू शांतपणे बाज फलाटावर टाकलीस, तिच्यावर मांडी घातलीस आणि वर कर्ण्याकडं बघून विचारलंस, "कोण बोलायलंय? देव हाय का?"

लोक हसले. मी चिडलो. मी स्वभावानं तापट, हे तुला नंतर पुष्कळ कळलं. मी माइकवरून बोलत राहिलो आणि तू कर्ण्याला उत्तरं देत राहिलास. दहा-पंधरा मिनिटं आपण असे भांडलो. तेवढ्यात हिमायतनगरची गाडी तुला आणि बाजेला सोडून निघून गेली. मग तू केबिनच्या काचेवर टकटक केलीस. मला वाटलं, आता हा हात उगारणार. तू म्हणालास, "साहेब, तुमचा आवाज लई भांडखोर हाय. नाटकात येता का?"

मी म्हणालो, मला नोकरी आहे.

"नोकरी करा की. तुम्हाला काय बी करायचं न्हाई. नुसतं उठायचं हाय."

तुझं ते एकच नाटक मला कळलं, आणि तेही पूर्ण कळलं असं म्हणवत नाही. 'बाजेवरचा माणूस'. एक माणूस बाजेवर बसलाय आणि खाली उतरायला तयार नाही, एवढीच गोष्ट. जेवायला नाही, मतदानाला नाही, बहिणीच्या लग्नालाही नाही. त्याची समजूत काढायला सगळं गाव येतं, आणि ते गावही तूच. सासरा बोलायला लागला की तुझा एक खांदा खाली यायचा, सरपंच आला की पोट पुढं. जागेवरून हलायचास नाही, पण बघणाऱ्याला वाटायचं बाजेभोवती वीस माणसं उभी आहेत. ही सगळी माणसं हरून निघून गेली, की प्रेक्षकांतून कुणीतरी उठायचं आणि ओरडायचं, "उतर खाली!" तो कुणीतरी म्हणजे मी. त्याच्याशी तू भांडायचास, आणि ते भांडण दर वेळी नवं असायचं.

या नाटकासाठी तू पाटबंधाऱ्यातली कारकुनी सोडलीस. तुमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. तुझे वडील मरेपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाहीत. वहिनी उपकेंद्रात नर्स होत्या म्हणून घर चाललं. तुझ्या वस्तीतली शिकलेली माणसं विचारायची, "यात चळवळ कुठं हाय?" आणि शहरातली नाटकवाली विचारायची, "यात नाटक कुठं आहे?" तू दोघांनाही सारखाच हसायचास. मला तुझ्या त्या हसण्याचा राग यायचा. माणसानं एखाद्या तरी बाजूला नीट उत्तर द्यावं.

माझ्यासाठी तुझ्या दोन अटी होत्या. पहिली, खोटं बोलायचं नाही. "त्या दिशी मनात जे खटकंल तेच बोल. पाठ करून आलास तर मला उत्तर सुचत न्हाई." ही अट मला आवडली. खटकणाऱ्या गोष्टींचा माझ्याकडं कधीच तुटवडा नव्हता.

दुसरी अट मुरुडला ठरली. मुरुड म्हणजे लातूरजवळचं माझं गाव, तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी आपला पहिला प्रयोग झाला. मी उठलो, ओरडलो, गावातल्या दोघा-तिघांनी मला "माधव, बस रे गप" म्हणून दटावलंसुद्धा. प्रयोग रंगला. संपल्यावर माणसं पांगली आणि तू बाजेला दोरी बांधायला लागलास. मी सायकल धरून उभा होतो. जेवणाची वेळ झाली होती. आमचं घर तिथून पाच मिनिटांवर, आणि वडील ओसरीवर बसलेले असणार. तुमच्या समाजाच्या माणसांसाठी आमच्याकडं तेव्हा पेला वेगळा असायचा, फडताळाच्या खालच्या कप्प्यात. मी मनात वाक्य जुळवत होतो आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

तू मान वर न करता म्हणालास, "एक ध्यानात ठेव. ज्या गावात प्रयोग, त्या गावात आपली वळख न्हाई. येणं येगळं, जाणं येगळं, जेवण बी येगळं. न्हाई तर लोकांना कळतंय." आणि बाज डोक्यावर घेऊन स्टँडच्या दिशेनं गेलास. तिथं भजी खाल्लीस म्हणे.

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं तसं. कित्येक वर्षं मी ती अट कलेची समजत होतो. लोकांना कौतुकानं सांगावंसं वाटायचं, पण सांगण्याची सोय नव्हती. वडील गेले, तो पेलाही कुठं गेला कळलं नाही, माझी लातूरला बदली झाली, मी घर बांधलं. लातूरला तू चार-पाच प्रयोग केलेस आणि माझ्या घरी पाण्याला आला नाहीस. बायको विचारायची, "तुमचे ते नांदेडचे मित्र कधी यायचे?" मी म्हणायचो, त्याचा नियम आहे. आता वाटतं, तू त्या दिवशी मुरुडला दोरी बांधता बांधता माझा चेहरा वाचलास आणि मला वाचवलंस. विचारायचं राहून गेलं.

नांदेडात तू प्रयोग केला नाहीस, एकही. परवा यावरही भाषण झालं. गावानं आपल्याच कलावंताची कदर केली नाही, वगैरे. खरं कारण मला माहीत आहे. नांदेडात प्रयोग केला असतास तर तिथंही आपली ओळख संपली असती. एक गाव तू आपल्यासाठी राखून ठेवलंस. तुझ्या त्या दोन खोल्यांत, वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खात, आपण मागच्या प्रयोगाचं पोस्टमॉर्टेम करायचो. देगलूरला लोकांनी मला कॉलर धरून मंडपाबाहेर फेकलं होतं, आणि तू बाजेवरून डोळ्याची पापणीही लववली नव्हतीस. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या खांद्याला शेक देत होत्या आणि तू दारात उभा राहून म्हणत होतास, "पडलास लई भारी. पुढच्या टायमाला जरा डावीकडं पड, उजेडात."

"अहो, त्यांचा हात मोडला असता!" वहिनी म्हणाल्या.

"मोडला असता तर एसटीनं बसून पगार दिला असता," तू म्हणालास.

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू केबिनच्या काचेबाहेर बाज टाकून बसलास आणि गाड्या पुकारताना मला हसू आवरेना. तसलं हसू मला नोकरीत पुन्हा आलं नाही. माझं आयुष्य तसं सरळ गेलं, अंबादास. पुकारलेल्या गाड्या आणि न पुकारलेल्या गाड्या. त्यात वर्षातून सात-आठ वेळा एखाद्या अनोळखी गावात चारशे माणसांत उठून उभं राहायचं आणि जे खरं वाटतं ते मोठ्यानं बोलायचं, एवढं मला तुझ्यामुळं मिळालं. नाहीतर खरं बोलायची संधी कंट्रोलरला कोण देतो?

मुदखेडचं सांगतो. तिथला प्रयोग फलाटावर होता, लेट झालेल्या गाडीची वाट बघणाऱ्या लोकांसमोर. नाटक अर्ध्यात आलं आणि गाडीही आली. लोक उठून डब्यांत शिरले. तू दोन हमाल आणि एक शेळी यांच्यासमोर उरलेलं नाटक पूर्ण केलंस, मलाही ठरल्याप्रमाणं उठून ओरडायला लावलंस. हमाल माझ्याकडं असे बघत होते की विचारू नकोस. आपली गाडी यायला अजून अवकाश होता, फलाट रिकामा, म्हणून तू नियम मोडून माझ्याजवळ येऊन बसलास. एवढ्या वर्षांत प्रयोगाच्या गावात तेवढं एकदाच. मी विचारलं, "तो माणूस उतरत का नाही रे?"

तू शेंगा सोलत म्हणालास, "माझा आजा दारात बाजेवर बसलेला असायचा. पाटलाकडचं कुणी बी रस्त्यानं निघालं, का उतरून उभं राहायचा. बारकं पोरगं असलं तरी. म्हातारपणी गुडघे गेलते त्याचे. दिवसातून पंधरा येळा उतरायचा अन् चढायचा. शेवटी बाजेवर बसायचंच सोडलं त्यानं. भुईवर बसायचा."

मी तुझ्या हातातली एक शेंग घेऊन सोलली. मग म्हणालो, "आणि उतर खाली असं मी म्हणायचं?"

"तूच म्हणायचं," तू हसलास. "तुझ्या तोंडाला शोभतंय."

मला ते लागलं. नांदेडपर्यंत तुझ्याशी बोललो नाही, आणि नांदेडला उतरताना विचारलं, की ही चेष्टा होती का. तू म्हणालास, "अर्धी." कुठली अर्धी, ते सांगितलं नाहीस.

आता उदगीर. त्याच्याभोवतीच घिरट्या घालतोय मघापासून, तुझ्या लक्षात आलं असेल.

चार वर्षं झाली. त्या दुपारी मी उदगीरच्या स्टँडवर उतरलो आणि वहिनींचा फोन आला. पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी झालं होतं. आवाज खोल गेलेला. त्यांनी काही तक्रार केली नाही, फक्त विचारलं, "हे जेवलेत का तिकडं? सकाळी उपाशीच गेलेत." मला माहीतच नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस. ऑपरेशनच्या दिवशी बायकोला दवाखान्यात ठेवून तू बाज घेऊन उदगीरला आला होतास. माझं डोकं सणकलं. खोटं बोलायचं नाही ही तुझीच अट होती, आणि त्या दिवशी मला खटकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

हॉल भरलेला होता. तू रंगात होतास. माझी वेळ आली, मी उठलो, आणि पहिल्यांदाच प्रयोगात तुला नावानं हाक मारली.

"अंबादास, उतर खाली. नाटक बंद कर अन् नांदेडला जा. बायको दवाखान्यात एकटी पडलीय तुझी. तू इथं बसून कुणावर सूड उगवून राहिलास?"

लोकांना कळेना, हे नाटकातलं की बाहेरचं. तू लगेच वळला नाहीस. बाजेच्या सुंभावरून हात फिरवत बसलास. मग माझ्याकडं बघितलंस.

"दवाखान्यात हाय. मला म्हाईत हाय. तिनंच धाडलं मला." तुझा आवाज नेहमीचा, नाटकातला. "खाली उतर म्हणणारे लई झाले, बाबा. माझ्या आज्यापासून चालू हाय ते. मला एवढंच सांग, तू कोण सांगणार? आपली वळख हाय का?"

हे तू कुणाला विचारलंस? बाजेवरच्या माणसानं उठलेल्या माणसाला, की तू मला? चार वर्षं मी हे डोक्यात घोळवतोय. त्या वेळी तुझ्या तोंडाकडं बघून मला कळलं नाही. 'हाय' म्हणालो असतो तर नाटक मोडलं असतं, अट मोडली असती. पण खरं सांगायचं तर मला अटीची आठवण तेव्हा नव्हतीच. मी रागात होतो. मी म्हणालो, "न्हाई."

आणि बाहेर पडलो. मागं टाळ्या वाजल्या. तो तुझा सगळ्यात गाजलेला प्रयोग, असं परवा प्राध्यापकांनी सांगितलं. 'प्रेक्षकांतल्या एका अनोळखी माणसानं' असा त्यात माझा उल्लेख झाला.

मला वाटलं, या माणसानं माझं खरं बोलणंही वापरून टाकलं. तुला काय वाटलं, ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. पुढचा फोन तू करायचास, अशी आपली पद्धत होती. प्रयोगाची तारीख तू कळवायचास. तू कळवली नाहीस. मी म्हटलं, ठीक आहे. तुझं माझ्यावाचून अडत नाही, तर माझं तरी कशाला अडेल? ते अडत होतं, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं, पण तोवर ताठा आला होता आणि ताठ्याला माझ्याकडं कायमची जागा आहे. मध्ये मी निवृत्त झालो. निरोप समारंभात मला माइक दिला आणि मला त्यावर बोलायला एक वाक्य सुचेना.

मग एकदा तू दिसलास, नांदेडच्याच स्टँडवर. मी भाचीच्या लग्नाहून परतत होतो. तू पलीकडच्या फलाटावर, बाज खांबाला टेकवून उभा. वाळला होतास. आपली नजरानजर झाली, चांगली झाली. मध्ये वीस पावलांचं अंतर. मी वाट बघितली, तू हसशील म्हणून. तूही बहुतेक तीच वाट बघितलीस. मग माझी गाडी लागली आणि मी चढलो. खिडकीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे नांदेड आहे. इथं तर आपली ओळख होती.

आणि लातूर. हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मागच्या हिवाळ्यात तुझा लातूरला प्रयोग होता. मी पेपरात वाचलं आणि भाजी आणायला म्हणून घरून निघालो. मफलर नाकापर्यंत गुंडाळून शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो. चाळीसेक माणसं असतील. तू चढलास बाजेवर तेव्हाच मला वाईट वाटलं, कारण तुला चढायला वेळ लागला. पण सासरा आला, सरपंच आला, आणि तू पुन्हा तोच झालास. मी मफलरच्या आत हसत होतो.

मग ती जागा आली. मी उठायचो ती. मला वाटलं होतं, तू आता ती गाळली असशील किंवा दुसरा कुणी ठेवला असशील. तू बोलता बोलता थांबलास. समोर बघत राहिलास. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. लोक चुळबुळायला लागले. पुढं कुणीतरी हसलं. माझ्या पुढच्या बाईनं शेजारणीला सांगितलं, "विसरले वाटतं." मलाही तसंच वाटलं. थकला, वाक्यं सुटायला लागली याची. कीव आली तुझी, आणि खरं बोलायचं तर त्या किवेखाली थोडं बरंही वाटलं, की माझ्याशिवाय याला जमत नाही. तुझी फजिती बघायला नको म्हणून मी वाकून बाहेर निघून आलो. येताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

त्यानंतर पाच महिन्यांनी तू गेलास. मला कळलं ते एसटीच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर. कुणीतरी 'बाजवाले गेले' एवढंच टाकलं होतं.

परवा कार्यक्रम आटोपला, भंतेजी गेले, भाषणं करणारे जेवून गेले. वहिनींनी मला थांबवून घेतलं. खुर्च्या मंडपवाला उचलून नेत होता, म्हणून त्यांनी मला आतल्या खोलीत बाजेवर बसायला सांगितलं. मी म्हणालो, खाली बसतो. त्या म्हणाल्या, "बसा वर, भाऊजी. आता कोण वरडणार हाय तुम्हाला?" म्हणून बसलो. आखूड पायाकडून ती डगडगते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मी उदगीरचं बोलणं काढलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"मीच धाडलं होतं त्यांना. दवाखान्यात बसून नर्सांना हैराण करून राहिलते. जा म्हणलं, प्रयोग करून या. तुमचा राग आला न्हाई मला. त्यांना बी न्हाई आला."

"मग फोन का नाही केला?"

"मी लई म्हणलं, करा म्हणून. तर म्हणायचे, फोनवरचं न्हाई ते." वहिनींनी बाहेर मंडपवाल्याकडं एक नजर टाकली. "त्यांनी दुसरा माणूस ठेवला न्हाई, भाऊजी. हिमायतनगरच्या प्रयोगाला मी गेलते. जल्मात पयल्यांदा गेलते त्यांचं नाटक बघायला. मधीच थांबले. मला वाटलं, चक्कर आली का काय. मी उठून जाणार होते, तर परत चालू झाले. घरी आल्यावर म्हणलं, विसरला का हो? म्हणाले, विसरलो न्हाई. तिथं माधव उठतो. मी म्हणलं, अहो पर भाऊजी तर न्हाईत. म्हणाले, त्याचं खरं उत्तर राहिलंय. येतंय का बघतो. प्रत्येक प्रयोगाला तसंच करायचे. लोक हसायचे, तरी थांबायचे."

मी मनात एकच म्हणत होतो, की लातूरला तुला मी दिसलो नसेन. खांब होता, मफलर होता, शेवटची रांग होती. तेवढं तरी माझ्या पदरात पाड.

"लातूरहून आले त्या दिशी तर लई खूश होते," वहिनी म्हणाल्या. "बूट बी काढले न्हाईत, दारातूनच वरडले, आज माधव आलता म्हणून. मी म्हणलं, मग उठले का भाऊजी? बोलले का? तर म्हणाले, न्हाई उठला. मफलर बांधून बसलता येडा. पर आलता की."

एवढ्यावर तू खूश झालास, अंबादास. तुझ्या जागी मी असतो तर झालो नसतो.